बाटलीतलं आर्जिनीन आणि भाचीचे पाय

मैत्रिणींनो, मार्गशीर्षातल्या गुरुवारची गोष्ट. पूजा आटोपून मी नैवेद्याचं ताट झाकून ठेवत होते, तोच वन्सं आल्या. पदराखालून त्यांनी एक इवलीशी बाटली काढली आणि माझ्यापुढे ठेवली. "अगं, तू शाळेत शिकवतेस, तुला हे बारीक इंग्रजी वाचता येईल. यात काय आहे ते सांग बघू. दुकानदार म्हणाला, यात अमिनो आम्ल आहे, आर्जिनीन का काहीसं. पोरीच्या पायांना गुण येईल म्हणाला."

बाटली तीस मिलिलिटरची आणि किंमत साडेआठशे रुपये! माझ्या तोंडून "अगंबाई!" असं निघून गेलं. पण वन्संचा चेहरा पाहिला आणि पुढचं बोलणं मी गिळलं. महिनाअखेरीला साडेआठशे रुपये बाजूला काढणारी आई हौसेखातर काढत नसते.

वन्संच्या यजमानांची गेल्या जूनमध्ये रत्नागिरीहून नाशिकला बदली झाली. आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून त्यांनी बिऱ्हाड केलं. मुलगी बारा वर्षांची, सातवीत, मी अर्धवेळ शिकवते त्याच शाळेत. रत्नागिरीला असेपर्यंत तिच्या पायांकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नव्हतं. इकडे दिवाळी सरली, हवा कोरडी झाली आणि पोरीच्या नडग्यांवर पांढुरकी खवलं दिसू लागली. अगदी माशाच्या असतात तशी. वर्गातल्या मुली काय गप्प बसतात? त्यांनी तिचं नाव 'मासोळी' ठेवलं. त्यातून स्नेहसंमेलनात तिच्या वर्गाचं कोळीनृत्य बसवायचं ठरलं. गुडघ्यापर्यंत लुगडं नेसायचं म्हटल्यावर पोरीने नाव काढून घेतलं. विचारलं तर म्हणे, "मामी, माझा पाय दुखतो." पाय दुखत नव्हता, हे तिलाही ठाऊक आणि मलाही.

आता एक कबुली देते. घरात या पायांवर उपाय चालले होतेच आणि त्यात माझाही हात होता. सासूबाईंचं म्हणणं, पोरीला नीट अंघोळ घातली जात नाही, मळ साचलाय. म्हणून रविवारी ती आमच्याकडे आली की कढत पाणी, कपड्यांचा असावा तसा कडक साबण आणि वज्री. मीच घासायची. पाय लाल होत, पोर ओठ दाबून बसे. दोन तास पाय गुळगुळीत दिसत आणि संध्याकाळी पुन्हा पांढरेफटक, आधीपेक्षा जास्त. मग आम्ही म्हणायचो, पुढच्या रविवारी आणखी घासू.

त्या गुरुवारी बाटली हातात घेतल्यावर मात्र वाटलं, हे आर्जिनीन म्हणजे आहे तरी काय, ते समजून घ्यावं. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, रसायनशास्त्र हा काही माझा प्रांत नव्हे. पण शाळेतल्या शास्त्राच्या बाईंना विचारलं, थोडं वाचलं आणि नंतर डॉक्टरबाईंकडून तपासून घेतलं. त्यातून जे कळलं ते तुमच्याही उपयोगाचं आहे, म्हणून आजचं सदर त्याच्यासाठी.

आपण डाळी, दूध, शेंगदाणे खातो ते प्रथिनांसाठी, हे तुम्हाला माहीतच आहे. ही प्रथिनं म्हणजे माळा समजा आणि माळेतले मणी म्हणजे अमिनो आम्लं. प्रथिनांत वीस प्रकारचे मणी सापडतात. आर्जिनीन हा त्यातलाच एक. १८८६ साली शुल्ट्से आणि श्टायगर या दोन शास्त्रज्ञांनी तो ल्युपिन नावाच्या कडधान्याच्या कोंबांतून प्रथम वेगळा केला. नावात 'आम्ल' असलं तरी भिऊ नका. चव आणि गुण पाहिले तर आर्जिनीन आंबट नव्हे, उलट क्षाराकडे झुकणारं आहे.

आता हा मणी कातडीत काय करतो? आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. तळहात आणि तळपाय सोडले तर कागदापेक्षाही पातळ. पण हा पातळ पापुद्रा मऊ राहतो, कारण त्यात थोडी ओल धरून ठेवलेली असते. ती कशी धरली जाते? पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलं होतं, गूळ चिकट होतो, ते आठवा. मीठ आणि गूळ हवेतलं पाणी ओढून घेतात. कातडीच्या वरच्या थरातही पाणी ओढून धरणाऱ्या अशाच काही पदार्थांचं मिश्रण असतं. त्यात सुमारे ४० टक्के वाटा सुट्या अमिनो आम्लांचा. बाकी त्यांच्यापासूनच बनलेले काही पदार्थ, दह्यातल्या आंबटपणाच्या जातीचे क्षार आणि सुमारे ७ टक्के युरिया.

युरिया म्हटल्यावर तुम्हाला खताचं पोतं आठवेल. रसायन तेच, पण ते आपल्या शरीरातही रोज तयार होतं. आर्जिनीनचा एक तुकडा निघाला की तो युरिया होतो. १९३२ साली हान्स क्रेब्स आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी जर्मनीत दाखवून दिलं की यकृतात युरिया तयार होताना आर्जिनीन वाटेत लागतंच. असंच तुकडा पाडणारं द्रव्य कातडीच्या वरच्या थरातही असतं. म्हणजे आर्जिनीनचं काम दुहेरी. स्वतः पाणी धरायचं, आणि मोडलं की युरिया देऊन आणखी ओल धरायची.

मग ही सुटी अमिनो आम्लं येतात कुठून? बाटलीतून नव्हे! कातडी स्वतःच 'फिलॅग्रिन' नावाचं एक प्रथिन तयार करते. त्या माळेत आर्जिनीन, हिस्टिडीन, सेरीन, ग्लुटामीन हे मणी पुष्कळ. पेशी वर वर सरकत मरतात, तेव्हा ही माळ तुटते आणि मणी सुटे होतात. जणू कातडीने आपल्या पदराला बांधून ठेवलेली शिदोरीच. बाहेरची हवा कोरडी असली तर माळ तुटते आणि ओलसर असली तर तुटायची थांबते, असाही तिचा हिशेब असतो. मला तर हे वाचून नवलच वाटलं.

पण ही शिदोरी पाण्यात विरघळणारी आहे. इथेच आपली चूक होते. कढत पाणी आणि साबण या दोघांनी मिळून वरचं तेल जातं आणि तेल गेलं की आतली अमिनो आम्लंही धुऊन निघतात. कातडी जराशी आंबट असते, आपला वडीचा साबण चांगलाच क्षारयुक्त. धुणीभांडी केल्यावर आपली बोटं का तडतडतात, खडूने माझी बोटं का भेगाळतात, त्याचं उत्तर यात आलं. खडूची पूड ओल शोषते आणि मग आपण पूड घालवायला पुन्हा साबण लावतो!

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. दर रविवारी वज्री घेऊन मी पोरीची शिदोरीच खरवडून काढत होते.

दुसऱ्या दिवशी वन्संना म्हटलं, "वन्सं, बाटली राहू द्या बाजूला. आपण आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवू." भाऊजीही आले. डॉक्टरबाईंनी पोरीच्या नडग्या पाहिल्या, गुडघ्यामागची लवण पाहिली. ती मात्र छान मऊ होती. मग त्यांनी तिचा तळहात उघडून पाहिला. हस्तरेषा इतक्या ठळक आणि दाट, की बारा वर्षांच्या मुलीचा हात म्हणून कुणी ओळखू नये. त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाचे पाय असे आहेत?"

वन्सं नाही म्हणणार होत्या. तेवढ्यात भाऊजी काही न बोलता वाकले आणि त्यांनी पँटीचा पाय वर केला. तीच खवलं. चौदा वर्षांच्या संसारात वन्संना वाटत आलं होतं की थंडीत पुरुषांचे पाय असेच होतात. भाऊजी म्हणाले, "मला माझी आजी विटकरीच्या तुकड्याने घासायची. मी शाळेत कधी खेळायला उतरलो नाही." पोर बापाच्या पायाकडे बघत राहिली. मग तिने आपला पाय त्यांच्या पायाशेजारी नेऊन ठेवला.

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. फिलॅग्रिन तयार करायची कृती जन्मतःच कातडीजवळ लिहिलेली असते. काही घराण्यांत त्या कृतीतच एखादी चूक असते, ती आईकडून किंवा बापाकडून मुलांकडे येते. माळच अपुरी, मग मणी कुठून सुटणार? हे कारण २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी शोधून काढलं. कोकणातल्या दमट हवेत ही उणीव झाकली जाते, देशावरच्या कोरड्या थंडीत उघडी पडते. म्हणून रत्नागिरीला जे दिसलं नाही ते नाशिकला दिसलं. हा मळ नव्हे, आळस नव्हे, संसर्ग तर मुळीच नव्हे. हा स्वभाव जन्माचा, पण काळजी घेतली तर उन्हाळा-पावसाळ्यात जवळपास दिसतही नाही.

सासूबाईंना घरी येऊन हे सगळं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग उठून वज्री मोरीतून काढून माळ्यावर ठेवून आल्या. आमच्या सासूबाई 'चुकलं' म्हणत नाहीत. पण वज्री त्यांनी स्वतः उचलली, हे पुरे.

आता त्या साडेआठशेच्या बाटलीकडे वळू. आर्जिनीन बाहेरून लावून काही होतं का? होतं, नाही असं नाही. अडीच टक्के आर्जिनीन घातलेलं मलम कोरड्या त्वचेवर काही आठवडे लावलं तेव्हा वरच्या थरातला युरिया वाढलेला आढळला, असं २००४ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या एका पाहणीत म्हटलं आहे. पण बाटलीत ते किती आहे, हा प्रश्न. सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर घटकांची यादी असते. ज्याचं प्रमाण जास्त ते आधी, असा नियम. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक मात्र शेवटी, कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. यादीत 'फिनॉक्सिइथेनॉल' हे नाव शोधा. माल टिकावा म्हणून ते घालतात आणि ते एक टक्क्यापेक्षा जास्त घालत नाहीत. त्याच्यानंतर जे नाव येईल ते एक टक्क्याच्या आतलंच समजा. वन्संच्या बाटलीत पाण्यानंतर दुसरं नाव होतं ग्लिसरीन आणि आर्जिनीन होतं पार शेवटी, फिनॉक्सिइथेनॉलच्याही मागे. मिश्रणाचा आंबटपणा बेताचा राखण्यासाठी पुष्कळदा चिमूटभर आर्जिनीन घालतात. चिमूट आतमध्ये आणि नाव मात्र मोठ्या अक्षरांत बाहेर!

म्हणजे बाटली खोटी नव्हती. तिच्यात काम करणारा मुख्य पदार्थ ग्लिसरीन होता आणि तो औषधाच्या दुकानात थोड्या पैशांत मिळतो. 'आर्जिनीनमुळे सुरकुत्या जातात, कातडी नव्याने घडते' असं कुणी सांगितलं तर तेवढं मात्र ऐकून सोडून द्या. बाहेरून लावलेला मणी वरच्या थराची ओल वाढवतो. आतली घडण बदलणं त्याच्या हाती नाही.

काही जणी विचारतील, आर्जिनीन खाल्लं तर? शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत ते सुमारे तीन ग्रॅम असतं, तिळातही भरपूर. संक्रांतीचा तिळगूळ जरूर खा, मुलांना डाळ, कडधान्यं, शेंगदाणे द्या, शरीराला प्रथिनं हवीतच. पण मोठ्या माणसाचं शरीर आर्जिनीन स्वतःही तयार करतं. चार लाडू जास्त खाल्ले म्हणून नडग्या मऊ होत नाहीत. आणि तीळ किंवा डाळीचं पीठ अंगाला चोळून त्यातली प्रथिनं आत शिरतील असंही समजू नका. अख्खी माळ कातडीतून आत जात नाही. चोळण्याने उलट असलेली ओल जाते.

आमच्याकडे पाच आठवडे जे केलं ते सांगते. हात-पाय कोरडे पडणाऱ्या कुणालाही चालेल.

१) अंघोळीचं पाणी कोमट. पाच-दहा मिनिटांत अंघोळ उरकायची. साबण सौम्य, तोही काखा, जांघा, पावलं एवढ्यापुरता. नडग्यांना रोज साबण लागत नाही.

२) टॉवेलने खसखसून पुसायचं नाही. टिपून घ्यायचं आणि अंग दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, वरून काहीतरी लावायचं. खरं मर्म इथे आहे. आपण दिवाळीत तेल आधी लावतो आणि उटण्याने काढून टाकतो. सणाला ते असू द्या. रोजचं तेल मात्र अंघोळीनंतर.

३) लावायचं काय? एक भाग ग्लिसरीन, तीन भाग उकळून गार केलेलं पाणी, हे थोडंसंच कालवायचं, दोन दिवसांपुरतं, आणि बाटली स्वच्छ ठेवायची. ते लावून लगेच त्यावर पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेलाचा हलका हात. ग्लिसरीन पाणी धरतं, तेल त्याच्यावर झाकण घालतं. दोन्ही लागतात. नुसतं झाकण असून आत काही नसेल तर काय उपयोग, आणि झाकण नसेल तर आतलं उडून जातं.

४) टाचांच्या भेगांना कोकणातल्या बायका कोकमाचं तेल दिव्यावर पातळ करून रात्री भरतात. ती रीत चांगलीच आहे. रात्री तेल भरून वर सुती मोजे घालायचे.

५) युरियाचं मलम डॉक्टरांनी सांगितलं तरच, आणि सांगितलं तेवढ्याच ताकदीचं. पाच ते दहा टक्क्यांचं ओल धरतं. वीसच्या पुढचं जाड कातडी सोलवटतं, मुलांना ते आपल्या मनाने लावू नये. भेग उघडी असेल तर झोंबतं. आणि पुन्हा सांगते, खताच्या पोत्यातला युरिया पाण्यात कालवून कधीही लावू नका. तो अंगासाठी शुद्ध केलेला नसतो.

६) भांडी घासताना, कपडे धुताना हातमोजे. नसतील तर निदान काम एका दमात उरकावं, म्हणजे दहा वेळा हात साबणात जात नाहीत. खडू वापरणाऱ्या मैत्रिणींनी हात साध्या पाण्याने धुवावेत आणि टेबलाच्या खणात जेलीची छोटी डबी ठेवावी.

७) लिंबू, मीठ, सोडा भेगांवर चोळू नका.

डॉक्टरांकडे केव्हा जायचं तेही लक्षात ठेवा. भेगांतून रक्त किंवा पाणी येत असेल, रात्री खाज झोपू देत नसेल, मोठेपणी एकाएकी सगळं अंग कोरडं पडलं असेल, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका. मधुमेह असणाऱ्यांनी टाचेची साधी भेगही दाखवावी. आणि अंगावरचा एखादा कोरडा चट्टा सुन्न असेल, स्पर्श कळत नसेल, तर लाजू नका. सरकारी दवाखान्यात तपासणी होते आणि कुष्ठरोग निघाला तरी औषध मोफत मिळतं, तो बरा होतो.

वन्संची बाटली संपेपर्यंत आम्ही वापरली, पैसे का वाया घालवा? दुसरी आणली नाही. त्याऐवजी ग्लिसरीन, जेली आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं मलम. भाऊजींसाठीही वेगळी डबी आली आहे. रात्री जेवणं झाली की बाप-लेक समोरासमोर पाय पसरून बसतात आणि आपापल्या नडग्यांना मलम चोळतात.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात स्नेहसंमेलन झालं. आमची भाची कोळीनृत्यात दुसऱ्या रांगेत होती, लुगडं गुडघ्यापर्यंत. पाय अगदी लोण्यासारखे झाले होते असं सांगणार नाही. जवळून पाहिलं तर बारीक जाळी दिसत होती. आत जाताना एक मुलगी म्हणाली, "अगं मासोळी, आज खरीच मासोळी झालीस!" ही वळून म्हणाली, "हो, माझ्या बाबांनाही आहेत खवलं. आमच्या घराण्याची खूण आहे." आणि नाचायला निघून गेली.

तुमच्या घरातही कुणाचे पाय असे असतील, तर आधी वज्री माळ्यावर टाका आणि घरातल्या थोरांचे पाय एकदा पाहून घ्या. पुढच्या वेळी थंडीत फुटणाऱ्या ओठांविषयी बोलू. तुमच्याकडची काही जुनी रीत असेल तर पत्राने जरूर कळवा.